पहाटे गेलात आणि पाणी कमी दिसलं, त्याबद्दल

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. राग आला असेल तर तो रास्त आहे. बऱ्याच बाबतीत तुमचंच बरोबर आहे, एका बाबतीत मात्र मला वाद घालायचाय. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्याऐवजी सविस्तर लिहितोय.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रसिद्ध निसर्गस्थळी गर्दी टाळून कसं जावं, यावर मी तीन गोष्टी सुचवल्या होत्या. पहाटे पोहोचा, आठवड्याच्या मधल्या वारी जा, आणि मुख्य कठड्याशी न थांबता आडवाटेने थोडं पुढे जाऊन आपली शांत जागा शोधा. त्यावर ताईंनी लिहिलं की माझं ऐकून जुलैत त्या सासूबाईंना साडेपाचला उठवून नायगाऱ्याला घेऊन गेल्या. सूर्य समोरून डोळ्यांत, इंद्रधनुष्याचा पत्ता नाही आणि धबधबा आदल्या दिवशी दुपारी पाहिला होता त्यापेक्षा चक्क बारीक. पुढे त्या म्हणतात, "आडवाटा सांगून तुम्ही त्या जागा बिघडवताय. आणि गर्दी गर्दी म्हणून ज्यांच्यावर नाक मुरडता, ती आमच्यासारखीच माणसं आहेत. शांतता काय फक्त तुमच्या मालकीची आहे?"

आधी पाण्याबद्दल. तुम्हाला भास झाला नव्हता, पाणी खरंच कमी होतं. नायगाऱ्यावरून किती पाणी पडू द्यायचं हे अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९५० च्या करारात ठरलेलं आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १० पर्यंत सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर पाणी धबधब्यावरून सोडावं लागतं. १६ सप्टेंबरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ही वेळ रात्री ८ ला संपते. बाकी सगळ्या वेळी, म्हणजे रात्री, पहाटे आणि अख्खा हिवाळा, त्याच्या निम्मं, १,४१६ घनमीटर सोडलं तरी चालतं. उरलेलं पाणी धबधब्याच्या वरच्या अंगाला दरवाजे लावून वळवतात आणि दोन्ही काठांवरच्या वीजकेंद्रांना देतात. नदीचा मूळ प्रवाह सरासरी ५,७०० घनमीटरच्या आसपास आहे. म्हणजे भर दुपारी आपण साधारण अर्धी नदी पाहतो आणि पहाटे पाव. तुम्ही साडेसहाला कठड्याशी उभ्या होतात, पाणी वाढायला अजून दीड तास होता.

सूर्याचंही तसंच. कॅनडाच्या काठावरून आपण पूर्वेकडे पाहतो, त्यामुळे सकाळी ऊन तोंडावर येतं. इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीशी आणि तुषार समोर लागतात, म्हणजे त्या काठावर दुपारनंतरच. हे मी लिहायला हवं होतं. "पहाटे जा" हा सल्ला मी सरसकट सगळ्या जागांना लावला, तिथेच चुकलो. तुमच्या सासूबाईंची झोपमोड त्यातून झाली, त्याबद्दल मनापासून माफ करा.

या चुकीमुळे एक गोष्ट मात्र नीट कळली. गर्दी दोन तऱ्हेची असते. एक वेळापत्रकाची. बस हॉटेलातून नऊला निघते, अकराला पोहोचते, जेवायच्या वेळेला परत फिरते, म्हणून अकरा ते तीन माणूस माणसाला खेटतो. त्या वेळेचा त्या जागेच्या सौंदर्याशी काही संबंध नसतो, त्यामुळे ही गर्दी बिनधास्त टाळावी. दुसरी गर्दी निसर्गानेच बोलावलेली. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनच्या वरच्या घळीत छतातल्या फटीतून उन्हाची सरळ तिरीप वाळूवर उतरते, ती उन्हाळ्याच्या महिन्यांत माध्यान्हीच्या आसपास. बाराला तिथे दाटी होते कारण पाहायचं ते बारालाच असतं. सकाळी आठला गेलात तर घळ रिकामी मिळेल, तिरीप मिळणार नाही. तिथे निवड करावी लागते आणि ती ज्याची त्याने करावी. (एकटं फिरणं तर तिथे शक्यच नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत शिरून ११ जण गेले. आता तिथल्या नावाहो या आदिवासी जमातीच्या वाटाड्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत.)

आणि पहाट तरी कुठे रिकामी राहिलीय? हवाईतल्या हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावर सूर्योदय पाहायला इतक्या गाड्या चढायला लागल्या की फेब्रुवारी २०१७ पासून पहाटे ३ ते ७ या वेळेत आगाऊ नोंदणीशिवाय गाडी आत घेत नाहीत. जपानच्या फुजी पर्वतावरही सर्वांत जास्त खेचाखेच सूर्योदयाच्या आधीच्या तासांत, माथ्याजवळच्या वाटेवर. कित्येक लोक वाटेतल्या झोपडीत मुक्काम न करता रात्रभर चढत राहायचे, थंडीने गारठायचे. अखेर २०२४ मध्ये योशिदा वाटेवर दिवसाला ४,००० जणांची मर्यादा आली आणि मुक्कामाची नोंदणी नसलेल्यांसाठी दुपारी ४ ते पहाटे ३ फाटक बंद झालं. तेव्हा इथून पुढे मी कुणाला "पहाटे जा" एवढंच सांगणार नाही. आधी विचारा, तिथे पाहायचं ते कोणत्या वेळी असतं? मग विचारा, बस किती वाजता येतात? या दोन उत्तरांच्या मधे जी फट सापडेल, ती आपली.

आता आडवाटा. इथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज सकाळी काढून टाकला.

कारण नुसतं "जागा प्रसिद्ध होते" एवढंच नाही. पायांनी जमीन कशी मरते, हे समजून घेतलं की अंगावर काटा येतो. आपल्याला वाटतं, हजार माणसांनी हजारपट नुकसान, दहा माणसांनी दहापट. तसं होत नाही. न तुडवलेल्या जागी बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होऊन जातं. गवत झोपतं, माती दबते, पाणी मुरायचं थांबतं. त्यानंतर शेकडो माणसं गेली तरी जमीन आणखी फारशी बिघडत नाही, कारण बिघडायला उरलेलं नसतं. म्हणजे बांधलेल्या वाटेवर हजारावा माणूस जवळपास निरुपद्रवी असतो आणि आडवाटेवरचा दहावा माणूस घातक. मी लोकांना नेमका तो दहावा माणूस व्हायला सांगत होतो. कोरड्या वाळवंटी प्रदेशात तर मातीवर शेवाळं, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांची काळपट, खडबडीत खपली असते, तीच वाळू धरून ठेवते. एका बुटाने ती कुस्करली तर भरून यायला वर्षं, कधी दशकं लागतात.

मागच्या पावसाळ्यात एका धबधब्याच्या वाटेवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. वाट जेमतेम दीड हात रुंद. मधे एक डबकं. पुढे चालणाऱ्या मुलीने बूट भिजू नयेत म्हणून डावीकडच्या गवतावर पाय ठेवला. तिच्या मागच्याने तिथेच ठेवला, आणि त्या खळग्यात पाणी भरलं म्हणून पुढचा आणखी एक पाऊल डावीकडे सरकला. मी दगडावर बसून पाहत होतो. परत येताना तिथे डबकं एक राहिलं नव्हतं, तीन झाली होती, आणि वाट सहा-सात हात रुंद. कुणीही वाईट वागलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त स्वतःचे बूट वाचवले होते. तेव्हापासून मी डबक्यातून सरळ चालतो.

आइसलँडच्या दक्षिणेला एक नागमोडी अरुंद घळ आहे, फ्यादरार्ग्ल्यूवुर. २०१५ मध्ये एका गाजलेल्या गायकाच्या व्हिडिओत ती दिसली आणि लोंढा सुरू झाला. काठावरचं मॉस इतकं तुडवलं गेलं की २०१९ मध्ये बर्फ वितळून जमीन भिजते त्या काळात घळ बंदच ठेवावी लागली. त्यामुळे माझा सल्ला आता उलटा आहे. प्रसिद्ध जागी जा, आखलेल्या वाटेनेच जा, फक्त वेळ बदला. आणि कुठे न तुडवलेला कोपरा सापडलाच तर फोटोसोबत त्याचं ठिकाण टाकू नका. मी माझ्या जुन्या नऊ फोटोंवरून ते काढलंय.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. गर्दी टाळणं म्हणजे माणसांवर नाक मुरडणं नव्हे. गर्दीत मीही असतो, तो जमाव वाईट माणसांचा असतो असं मी कधी मानलं नाही. पण तीच माणसं एका तासात कोंबली तर जागा सोसत नाही आणि माणसंही सोसत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात हाफ डोम नावाचा उंच खडक आहे, त्यावरचा शेवटचा चढ तारांना धरून चढायचा असतो. पाऊस आला की तो गुळगुळीत ग्रॅनाइट साबणासारखा होतो, आणि तारांवर रांग लागलेली असेल तर वरच्या माणसाला पटकन उतरताच येत नाही. परवाने आणि दिवसाला साधारण ३०० जणांची मर्यादा आली, त्यामागे हे मोठं कारण होतं. थायलंडच्या माया बेमध्ये दिवसाला ५,००० पर्यंत माणसं उतरायची. जून २०१८ मध्ये तो किनारा बंद केला. जानेवारी २०२२ मध्ये उघडला तेव्हा होड्यांना खाडीत शिरायलाच मनाई झाली, त्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात आणि लोक चालत येतात. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क त्या उथळ पाण्यात परतले होते. लोक आजही जातात, पण थोडे थोडे आणि ठरलेल्या रीतीने. ज्याला जमतं त्याने अकराची वेळ सोडली, तर त्याने ती जागा दुसऱ्यासाठी मोकळी केली, असं मी मानतो. ज्याला फक्त रविवारच मिळतो, ज्याच्या कडेवर मूल आहे, त्याने अकरालाच यावं. त्याला तिथे नीट उभं राहता यावं म्हणून तर माझ्यासारख्या मोकळ्या माणसाने मंगळवारी जायचं.

आता तुमच्या सासूबाई. पुन्हा योग आला तर मे महिन्यात किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मधल्या वारी, त्यांना दुपारी छान झोपू द्या. दिवसाच्या सहलींच्या बस परतल्या की साडेपाच-सहाच्या सुमारास कॅनडाच्या काठाने निघा. धबधबा पाहायची टेबल रॉक नावाची जागा आहे, तिथपर्यंतचा रस्ता सपाट आहे, चाकाची खुर्ची सहज जाते, आणि घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या मोठ्या धबधब्याची कड तिथे अगदी कठड्याजवळ येते. ऊन कलेल तसतशी इंद्रधनुष्याची कमान उंच चढत जाते. एक जाड शाल आणि रेनकोट मात्र ठेवा, तुषार कठड्याच्या आतपर्यंत येतात. पाणी रात्री दहापर्यंत दुपारइतकंच असतं, तेव्हा परतायची घाई नको.