ग्रीनिचच्या रेषेवर उभं राहिलं, तरी फोन शून्य दाखवत नाही

गेल्या रविवारी लंडनमधल्या ग्रीनिचच्या पार्कात जिओकॅशिंग करणाऱ्यांचा मेळावा होता. लेकाला घेऊन गेले. याआधी दोनदा ग्रीनिच पाहिलं होतं. दोन्ही वेळा शून्य रेखांशाच्या त्या प्रसिद्ध रेषेच्या अलीकडे-पलीकडे पाय ठेवून फोटो काढला आणि घरी आले. ते पाहणं नव्हतंच, हे आता कळतंय.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश देतं. आपण ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होती तिथेच परत ठेवायची. मेळाव्यात डबी नसते. ठरलेल्या जागी भेटायचं, वहीत सही करायची, गप्पा मारायच्या. आम्ही जनरल वुल्फच्या पुतळ्यापाशी जमलो. एका आजोबांनी लेकाला एवढंच सांगितलं, "रेषेवर उभा राहा आणि फोनमध्ये रेखांश बघ."

शून्य आलंच नाही! पश्चिम 0° 00.09' च्या आसपास काहीतरी येत राहिलं. फोन बिघडला असेल म्हणून माझाही पाहिला, तेच. मग आम्ही पूर्वेकडे चालत सुटलो. शून्य आलं ते रेषेपासून जवळजवळ 102 मीटरवर, पार्कातल्या गवताजवळ. तिथे ना पट्टी, ना पाटी.

कारण फार सुंदर आहे. ही रेषा ठरली ती इथल्या वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञ एअरीच्या दुर्बिणीवरून. ती दुर्बीण 1851 पासूनची. तिची उभी दिशा पाऱ्याच्या पृष्ठभागावरून, म्हणजे तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून ठरवायचे, आणि ते गुरुत्वाकर्षण किंचित तिरकं आहे. फोनला जागा सांगणारे उपग्रह मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात. 1884 साली जगाने एअरीची रेषा स्वीकारली. ती चुकलेली नाही, मोजायची रीत बदलली. आणखी एक गोष्ट मला परतीच्या गाडीत सुचली. मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, साधारण 100 मीटरपर्यंतची. ती काढल्यावर दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, ओरेगॉनात पहिली डबी लपवली गेली. म्हणजे त्याआधी साध्या जीपीएसवर हा फरक धड दिसलाही नसता.

एक वाजता वेधशाळेवरचा लाल गोळा खाली आला. 1833 पासून थेम्समधली जहाजं तो पाहून घड्याळं लावत. फाटकातल्या 24 तासांच्या घड्याळात मात्र बारा, काटा सरळ खाली. उन्हाळ्यात इंग्लंडातली घड्याळं एक तास पुढे असतात, हे मात्र तेव्हाही ग्रीनिचचीच वेळ दाखवतं. लेकाला सांगितलं, मुंबईचीही अशीच स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. देशाची प्रमाणवेळ 1906 साली आली, तरी मुंबईने आपली वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. त्याला हे इतकं आवडलं की आजोबांनाही जाऊन सांगून आला.

मला मनापासून वाटतं, आपल्याकडे ऐतिहासिक जागा अशा दाखवायला हव्यात. पण एक अट. गडाच्या तटात, लेण्यात, देवळात डबी लपवायची नाही. एक दगड हलवला तरी ते नुकसानच. ज्यात डबीच नसते, फक्त त्या जागी जाऊन प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं, तेवढा प्रकार आपल्याला पुरेसा आहे. पुण्यात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर एक प्राणी साखळीने बांधलेला कोरलाय. कोणता? आणि बांधणारे कोण?

डिसेंबरात पुण्याला येतोय. लेकाला उत्तर सांगितलेलं नाही. कुणाला सोबत यायचं असेल तर कळवा.