पारा पोटातून नव्हे, श्वासातून बाधतो

"थर्मामीटर फुटला तर घाबरू नका. पारा गिळला तरी काही होत नाही, आम्ही लहानपणी तळहातावर घेऊन खेळलो. झाडून टाका. हा सगळा बाऊ डिजिटल थर्मामीटर खपवण्यासाठी परदेशातून आलाय." हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आला. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

गिळलेला धातुरूप पारा आतड्यांत जवळजवळ शोषला जात नाही. पण त्याची वाफ श्वासात गेली, तर सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून फरशीवर काय उरलं ते आधी बघा.

पारा उकळतो ३५७ अंशांना, मग घरात वाफ कुठली, असं कुणी विचारतं. दोरीवरचे कपडे काय पाणी उकळून वाळतात? पाराही तसाच हळूहळू उडत राहतो. ना वास, ना रंग.

मोकळ्या वर्गात दहा मिनिटं खेळणं वेगळं. बंद खोलीत, जमिनीलगत रांगणाऱ्या बाळाने महिनोन्महिने तीच हवा घेणं वेगळं. अमेरिकेत डॅनबरीच्या हॅट कारखान्यांत पाऱ्याने कामगारांचे हात इतके थरथरत, की त्या आजाराला गावाचंच नाव पडलं.

आणि परदेशी डाव? पाऱ्याचे थर्मामीटर बनवणारा अख्खा कारखानाच अमेरिकेतून कोडाईकनालला आला होता. पारा लागलेल्या काचा भंगारवाल्याकडे सापडल्या आणि २००१ मध्ये तो बंद पडला. पाऱ्याने आजारी पडलो म्हणून भरपाई मागणाऱ्या ५९१ माजी कामगारांशी कंपनीने २०१६ मध्ये तडजोड केली. आजारांचा पाऱ्याशी संबंध तिने मान्य केला नाही, पण त्या माणसांची लढाई पंधरा वर्षं चालली, हे मला विसरवत नाही.

राहिला झाडू. झाडूने एका मण्याचे वीस होतात. बहिणीकडे थर्मामीटर फुटला तेव्हा आम्ही पोरांना बाहेर काढलं, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या. दिवे मालवून टॉर्च फरशीलगत आडवा धरला, तर कपाटाखाली टाचणीच्या डोक्याएवढे मणी लखलखले, एक तर फरशीच्या सांध्यात बसलेला. जाड कागदाने ते एकत्र लोटले, बारीक कण चिकटपट्टीने उचलले. सगळं झाकण घट्ट लागणाऱ्या बरणीत घातलं आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळं दिलं, आत काय आहे ते सांगून.