नरकाचा व्हिडिओ पोरांना दाखवू नका

गेल्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दोन दिवसांत तोच मला इथे नागपुरात सदरमधून, जरीपटक्यातून आणि कामठीच्या मावशीकडूनही आला. आधी ढग, मग आग, आणि मागे एका बाईचा रडवेला आवाज. सांगणं असं: लहान मुलं स्वर्ग-नरक बघून परत आली आहेत; मुलं खोटं बोलत नाहीत; सगळ्यांनी सारखंच पाहिलं; चर्चनेही ते मानलं; तेव्हा आजच मुलांना दाखवा. मी सतरा वर्षं संडे स्कूल घेते. स्वर्गावर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे लिहितेय.

मुलं खोटं बोलत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या वर्गात येऊन काच कोणी फोडली ते विचारावं. पण खोटेपणा हा मुद्दाच नाही. मूल आपल्या तोंडाकडे बघत उत्तर देतं. ‘देवदूत दिसले का रे?’ हो. ‘पंख होते?’ हो. तिसऱ्यांदा विचारलं की पंखांचा रंग ते स्वतःच सांगतं, आणि पुढे ती त्याची खरीखुरी आठवण होऊन बसते. अमेरिकेतला ॲलेक्स मलार्की २००४ साली मोटार अपघातात जबर जखमी झाला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याच्या स्वर्गवारीचं पुस्तक २०१० साली आलं आणि धो धो खपलं. जानेवारी २०१५ मध्ये त्याने उघड पत्र लिहिलं: मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोकांचं लक्ष जाईल म्हणून तसं म्हणालो, तेव्हा मी बायबल वाचलंही नव्हतं. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. त्या पोराला मी दोष देणार नाही. सहा वर्षांच्या जखमी लेकराचं बोलणं छापून विकणारे मोठे होते.

‘सगळ्यांनी सारखंच पाहिलं’ हे तर टिकतच नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या भारतीयांच्या सोळा कहाण्या सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ साली मांडल्या. त्यात दूत माणसाला घेऊन जातात, तिथे वहीवाला नाव तपासतो आणि ‘चुकीचा माणूस आणला’ म्हणून परत पाठवतो. म्हणजे वरही आपल्या तहसील कचेरीसारखाच कारभार! आमच्या वर्गातल्या पोट्ट्यांनी स्वर्ग काढला तर त्यात कूलर असतो. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. या गावात आणखी काय काढणार?

चर्चने मानलं म्हणणारे फातिमाचं नाव घेतात. पोर्तुगालमधल्या त्या गावात १३ जुलै १९१७ रोजी लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मेंढपाळ पोरांना नरकाचं दर्शन झालं, असं सांगतात. वयं दहा, नऊ, सात. लुसियाने त्याचं वर्णन लिहून काढलं ते १९४१ साली, चोवीस वर्षांनी. कॅथलिक चर्चने फ्रान्सिस्को आणि जासिंताला २०१७ साली संतपद दिलं हे खरं. पण त्याच चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, परिच्छेद ६७ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की चर्चने मान्यता दिलेली खाजगी दर्शनंसुद्धा विश्वासाच्या ठेव्याचा, म्हणजे मानायलाच हव्या अशा शिकवणुकीचा, भाग नाहीत. आम्ही प्रोटेस्टंट तर पवित्र शास्त्रावर चालणारे, आणि त्यात काय आहे? येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर चार दिवस कबरेत होता; बाहेर आल्यावर त्याने काय पाहिलं, यावर शुभवर्तमानात योहान एक शब्द लिहीत नाही. प्रेषित पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलल्या गेलेल्या माणसाबद्दल लिहितो आणि तिथे ऐकलेलं बोलण्याची मुभा नाही म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस नरकातून विनवतो, माझ्या भावांकडे कोणाला तरी पाठव. पूर्वज अब्राहाम नाही म्हणतो: मोशे आणि संदेष्ट्यांचं जे ऐकत नाहीत, ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत. आपण मात्र व्हिडिओ पाठवतो.

राहिलं ‘मुलांना दाखवा’. दाखवला एका घरी. आमच्या वर्गातली आठ वर्षांची मुलगी तीन रात्री दिवा चालू ठेवून झोपली. रविवारी उपासनेनंतर माझा पदर धरून म्हणाली, “टीचर, माझी आजी दीक्षाभूमीला जाते. ती त्या आगीत जाईल का?” आजी तिच्या आईची आई, तिला रोज शाळेतून आणणारी.

पुढे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले, तेव्हा गाडीत एका परदेशी माणसाने त्यांच्या हाती बायबल दिलं. ते वाचता वाचता टिळक अडकले ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात. आगीच्या वर्णनात नव्हे. आपल्याच गावातून सुटलेल्या गाडीतली ही गोष्ट ग्रुपवर कोणी पाठवत नाही.

त्या मुलीला मी म्हटलं, आजीला देव तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो, आणि तू तर तिला किती ओळखतेस! तिच्या आईने व्हिडिओ फोनमधून काढलाय. ग्रुपवर तो अजून आहे. ॲडमिनना काल विचारलंय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.