बाहेरच्या जेवणातली व्हाइट वाइन: लेबलाआधी बर्फाचं बघा

उघड्यावर दुपारचं जेवण मांडायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती ‘कुठली वाइन आणायची’ यावर. माझ्या मते ‘ती गार कशी राहणार’ हा प्रश्न आधी सोडवावा. ८ अंशांवर ओतलेली वाइन उन्हाच्या दिवशी ग्लासात बघता बघता १५ अंशांपुढे जाते. मग तिची तरतरी जाते, अल्कोहोल नाकात चढतं आणि विचारपूर्वक लावलेल्या जोडीचा पचका होतो.

नुसत्या बर्फात बाटली खुपसून फारसा उपयोग नाही. खडे काचेला मोजक्याच जागी टेकतात, मधे हवा राहते. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला. मिठामुळे पाणी शून्याच्याही खाली उतरतं. बाटली गळ्यापर्यंत बुडवली की साधारण वीस मिनिटांत काम होतं. ग्लासात एका वेळी ७५ ते १०० मिलीच ओता. बाटल्या सावलीतच हव्यात, पारदर्शक काचेच्या तर नक्कीच, कारण उजेडाने वाइनमध्ये गंधकाची संयुगं तयार होऊन शिजलेल्या कोबीसारखा वास येतो.

आता पदार्थ. खारट, तळलेल्या सुरुवातीला कोरडी (म्हणजे गोडी नसलेली) स्पार्कलिंग, अर्थात बुडबुड्यांची वाइन, किंवा म्युस्काडे ही फ्रान्सची कोरडी व्हाइट वाइन. कालवं असतील तर म्युस्काडेच. हलकी, आंबटसर, किंचित खारी.

खरी गडबड सॅलडला होते. वाइनपेक्षा ड्रेसिंग जास्त आंबट असलं की वाइन पाणचट लागते. म्हणून व्हिनेगरऐवजी लिंबू वापरा, तेलाचं प्रमाण तिप्पट-चौपट ठेवा आणि सोबत सोव्हिन्यों ब्लां (त्याच नावाच्या द्राक्षाची वाइन) द्या. तिचा वास उग्र असतो, त्यामुळे वाऱ्यातही टिकतो. हीच बाटली थोडी राखून ठेवा: शेळीच्या दुधाच्या चीजसोबत फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली सॉन्सेर ही जोडी मुरलेली आहे, आणि सॉन्सेरही सोव्हिन्यों ब्लांचीच. सॅलडमध्ये आर्टिचोक ही विदेशी भाजी मात्र टाळा. त्यातल्या सायनारिन या द्रव्यामुळे पुढचा घोट उगाच गोड लागतो.

भाजलेल्या माशाला स्पेनची अल्बारिन्यो किंवा फ्रान्सची शाब्ली, दोन्ही कोरड्या. लोणी-क्रीममधल्या चिकनला ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली शार्डोने शोभते, पण ती ११-१२ अंशांवर हवी. फार गार केली तर ओकचा कडवटपणा वर येतो. खरं सांगायचं तर ऐन दुपारी १४ टक्के अल्कोहोलची जड शार्डोने मला पटत नाही. दोन ग्लासांत सगळे पेंगतात. त्यापेक्षा विना-ओकची घ्या.

मुख्य पदार्थ तिखट असेल तर कोरडी, जास्त अल्कोहोलची वाइन आगीत तेल ओतते, कारण अल्कोहोलने तिखटाची जळजळ वाढते. तिथे जर्मनीतल्या मोझेल भागातली काबिनेट (म्हणजे हलक्या प्रतीची) रीसलिंग काढा, पण लेबलावर ‘ट्रोकन’ लिहिलेली नको, ती कोरडी असते. किंचित गोडी तिखट शमवते, आंबटपणा तोंड साफ करतो, आणि अल्कोहोल बहुधा ८-९ टक्केच.

गोडाचा नियम एकच: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. नाहीतर ती आंबटढाण लागते. फळं, फळांचा टार्ट यांना मोस्कातो द’आस्ती ही इटलीची गोड वाइन; अल्कोहोल साधारण ५ टक्के, म्हणून दुपारी परवडते. सोतेर्न ही फ्रान्सची गोड वाइन उत्तम, पण उन्हात एखाद-दुसरा घोटच पुरे. चॉकलेट असेल तर सरळ कॉफी द्या.

प्रत्येक पदार्थाला वेगळी वाइन ही हौस आहे, गरज नाही. ७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात, म्हणजे सहाजणांना तीन बाटल्यांत तीन प्रकार चाखता येतात. क्रम हलक्याकडून जडाकडे, कोरड्याकडून गोडाकडे. आणि पाणी वाइनपेक्षा जास्त ठेवा.

एकच बाटली न्यायची असेल तर मी शार्डोने नाही, जेमतेम गोडसर रीसलिंग किंवा शेनिन ब्लां नेईन. शक्यतो फिरकीच्या झाकणाची, कारण बाहेर गेल्यावर हमखास राहून जातो तो बूच काढायचा स्क्रू.