सर्वर मुंबईत आसा मां?

‘साइट चालत नाहीये’ या वाक्याचा अर्थ काहीही असू शकतो. सांगणाऱ्याचा नेटपॅक संपलेला असतो, तो पासवर्ड विसरलेला असतो, त्याने पत्ता गूगलऐवजी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला असतो. कधी साइट चालत असते, पण त्याच्या मनासारखी चालत नसते. अगदी क्वचित साइट खरोखरच बंद असते. त्या शनिवारी ती खरोखरच बंद होती आणि अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती.

साइट मामांच्या आंब्यांची. देवगडला त्यांची कलमं आहेत. बंट्याने, म्हणजे माझ्या मामेभावाने, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती बनवली होती. डझन निवडा, पत्ता लिहा, यूपीआयने पैसे भरा, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट चढवा, आंबे घरपोच. प्रोजेक्टला मार्क पडले आणि साइट उरली. पुण्यात ‘कॉम्प्युटरमधे’ असलेला भाचा म्हणून तिचं दुखणंखुपणं माझ्याकडे आलं.

“भाच्या, ती साइट चलना नाय,” फोनवर मामा.

“काय दिसतंय तिथे?”

“काय दिसना नाय. म्हणान तर फोन केलंय.”

पुरावे हळूहळू ग्रुपवर जमा झाले. एका काकूंनी एका फोनच्या स्क्रीनचा दुसऱ्या फोनने फोटो काढून पाठवला. त्यात त्यांच्या हॉलमधली ट्यूबलाइट फार सुरेख आली होती. एका गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘गोल गोल फिरतंय.’ एकाने ‘सेम हिअर’. एकाने सवयीने सुप्रभात आणि गुलाबाचं फूल. शेवटी काकूंचा फोटो मोठा करकरून ट्यूबलाइटच्या कडेने मजकूर वाचला : ५०२, बॅड गेटवे.

“मामा, ५०२ येतंय.”

“पाचशे दोन काय? डझन?”

हे आकडे दिसतात तितके निर्दय नसतात. ४०४ म्हणजे तुम्ही मागितलं ते पान इथे नाही. ५०४ म्हणजे आतल्याची वाट बघून थकलो. ४१८ म्हणजे चक्क ‘मी चहाची किटली आहे’. किटलीला कॉफी करायला सांगितली तर तिने काय उत्तर द्यायचं, याचा नियम १ एप्रिल १९९८ रोजी गमतीत लिहिला गेला आणि अजून टिकून आहे. ५०२ मात्र सोसायटीच्या वॉचमनचं उत्तर आहे. दारावर एन्जिनएक्स नावाचा प्रोग्रॅम उभा असतो. तो पाहुण्याचं नाव विचारतो, सलाम ठोकतो, वर जाऊन फ्लॅटची बेल वाजवतो आणि खाली येऊन सांगतो, ‘साहेब, आतून कोणी दार उघडत नाही.’ आतले गावाला गेलेत, आंघोळीला गेलेत की वर गेलेत, हे वॉचमनला माहीत नसतं. लोक मात्र वॉचमनवरच ओरडतात.

हे मी मामांना सांगितलं. त्यांना ते पटलं, पण त्यांनी वेगळाच मुद्दा उचलला.

“हो सर्वर खंय आसा?”

“मुंबईत.”

मी खरं तेच सांगितलं. क्लाउड कंपनीच्या यादीत भारतातल्या त्या जागेचं नाव मुंबई असंच आहे. पण ऐकणारा मामा असेल तर खरं सांगताना विचार करावा.

“मुंबईत आसा मां? मगे डोंबिवलीच्या बाबल्याक सांगतंय. तो जावन बंद करून चालू करून येतलो.”

ती इमारत नेमकी कुठे आहे हे कंपनी सांगत नाही, बाबल्याला कुणी आत सोडणार नाही, आणि सोडलं तरी तिथे आपलं असं एक मशीन नसतंच, एका मोठ्या मशीनचा वाटा आपल्याला भाड्याने मिळतो, हे समजावण्यात बराच वेळ गेला. तोवर बाबल्या ठाण्यापर्यंत पोचला होता.

सर्वरच्या आत शिरायला किल्ली लागते, म्हणजे एक फाइल. बंट्याने ती फाइल बिनदिक्कत आंब्याच्या ग्रुपवर टाकली. म्हणजे सुप्रभातवाल्या काकांकडेही आता सर्वरची किल्ली होती. ती घेऊन मी एसएसएच केलं, म्हणजे दुरून सर्वरमधे शिरायला गेलो, तर ते मलाच अडवून बसलं : या फाइलच्या परवानग्या फार सैल आहेत, माझ्याच लॅपटॉपवरच्या दुसऱ्या कुणाला ती वाचता येईल, सबब वापरणार नाही. तीस-चाळीस नातेवाइकांच्या हातून फिरून आलेल्या किल्लीबद्दल त्याचं एवढंच म्हणणं होतं. परवानग्या आवळल्या आणि आत गेलो. नवी किल्ली करायचं काम मनात नोंदवून ठेवलं.

मग लॉग, म्हणजे सर्वरची नोंदवही, उघडला. मामा म्हणत होते साइट सव्वादहाला पडली. लॉगमधली शेवटची नोंद ०४:४७ ची. सर्वर शरीराने मुंबईत असला तरी घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक वेळेचं, लावून बसतो. साडेपाच तास मिळवले की १०:१७. बायको चहा ठेवताना म्हणाली, “बोटं काय मोजतोयस?”

लॉग वाचणं हा प्रकार एरवी करमणुकीचा आहे. पहाटेपासून कुठले कुठले पाहुणे येऊन गेले होते. कुणी वर्डप्रेसच्या लॉगिनचं पान मागतंय, साइट वर्डप्रेसची नसताना. कुणी पासवर्ड ठेवायची डॉट-ईएनव्ही फाइल मागतंय. कुणी पीएचपी-मायॲडमिन. ही सगळी यंत्रं असतात, जगातल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघत फिरणारी. हापूस हवा असलेला माणूस त्या गर्दीत शोधावा लागत होता. आणि ती शेवटची नोंद अर्ध्या ओळीवरच तुटली होती. लिहिणाऱ्याने वाक्याच्या मधेच पेन खाली ठेवावं तशी.

ते मी बघितलं आणि पुढे गेलो, कारण तेवढ्यात ऑफिसातल्या मित्राला विचारलं होतं आणि त्याने न ऐकताच निदान केलं होतं, “डीएनएस असणार. नेहमी डीएनएसच असतं.” डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्वरचा पत्ता सांगणारी सोय. आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणणारा एक माणूस असतोच, आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून त्याला आवरणं कठीण झालंय. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जवळपास सहा तास गायब झालं होतं आणि त्यांचे डीएनएस सर्वर कुणाला सापडत नव्हते. आता खरं तर तिथेही मूळ दुखणं वेगळं होतं : देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं आतलं नेटवर्कच तुटलं. पण हे त्याला सांगून उपयोग नाही. आणि आमच्याकडे ५०२ येत होतं, म्हणजे पाहुणा वॉचमनपर्यंत पोचत होता. पत्ता बरोबरच होता.

मेमरी बघितली, ठीक. पोर्ट बघितलं, ठीक. फोल्डरचं नाव आळसाने अर्धंच टाइप करून टॅब दाबला, तर नाव पुरं व्हायच्या ऐवजी खाली ओळ उमटली : तात्पुरती फाइल बनवता येत नाही, डिव्हाइसवर जागा नाही.

डीएफ मायनस एच मारलं, म्हणजे डिस्क किती भरली ते विचारलं. डिस्क १०० टक्के. डिस्क भरल्याची तक्रार लिहायलाही डिस्कवर जागा नव्हती, म्हणून ती ओळ अर्धी. डेटाबेस लिहिता येईना म्हणून बसला, तो बसला म्हणून साइट चालवणारं ॲप पडलं, आणि वॉचमन बेल वाजवत राहिला.

डिस्क होती ८ जीबीची, कारण बंट्याने सगळ्यांत स्वस्त तीच असते म्हणून घेतलेली. ती खाल्ली कुणी? ॲपच्या एकाच लॉग फाइलने. ती उघडली तर पानंच्या पानं अक्षरं, मधे श्वास घ्यायला जागा नाही.

“दादा,” बंट्या म्हणाला, “मी डिबग मोड लावला होता. काढायचा राहिला बहुतेक.”

डिबग मोडमधे साइटवर आलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी लॉगमधे उतरत होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचा यूपीआयचा स्क्रीनशॉटसुद्धा, बेस-६४ करून, म्हणजे चित्राची अक्षरं करून. त्या रूपात चित्र मुळापेक्षा एक तृतीयांशाने फुगतं. कोथरूडपासून कांदिवलीपर्यंत कोणी किती वाजता किती रुपये भरले, त्यांच्या फोनची बॅटरी तेव्हा किती टक्के होती, सगळं इतिहासजमा झालं होतं.

मी ‘थांब’ म्हणेपर्यंत बंट्याने फाइल उडवली आणि ग्रुपवर ‘डन’ लिहिलं. वर अंगठे आले. डीएफ बघितलं, अजून १०० टक्के.

“दादा, सर्वर खोटं बोलतोय!”

सर्वर खोटं बोलत नव्हता. लिनक्समधे फाइल उडवली की तिचं नाव जातं. पण कुणी ती उघडी धरून बसलं असेल तर जागा सुटत नाही. ॲप मेलं होतं, मात्र त्याला दर थोड्या वेळाने उठवून बसवणारा प्रोसेस मॅनेजर ठणठणीत होता आणि ती फाइल मुठीत धरून होता. उघड्या फाइलींची यादी काढली, त्यात तिच्यापुढे कंसात लिहिलेलं होतं : डिलीटेड. मॅनेजर बंद करून चालू केला. जागा मोकळी झाली, डेटाबेस उठला, पाठोपाठ ॲप उठलं. बंद करून चालू करायचं, हे बाबल्याही म्हणतच होता. तो तेव्हा ठाण्याहून परतीच्या गाडीत होता.

डिबग मोड काढला, किल्ली बदलली. ग्रुपवर लिहिलं, ‘साइट सुरू झाली आहे.’ काकूंनी ट्यूबलाइटसकट नवा फोटो पाठवला, आता आंबे दिसत होते. धडाधड ऑर्डरी यायला लागल्या. तेवढ्यात मामांचा फोन.

“साइट चालू केलंस काय रे?”

“केली, मामा! ऑर्डरी बघा किती येतायत!”

“अरे मेल्या, आंबे खंयचे देव? सकाळपासून मामीन फोनार सगळे वहीत लिवन घेतल्यान. पेट्यो टेम्पोत चढल्यो पण!”

मामींच्या वहीचा फोटो बंट्याने पाठवला. ‘कोथरूड, ३ डझन, पिकायला आलेले नकोत. डेक्कन, ५ डझन, जिना आहे.’ शेवटपर्यंत नीट भरलेलं पान.

“बरं, मग ‘आंबे संपले’ अशी पाटी लावायला सांगतो बंट्याला.”

बंट्या मागून म्हणाला, “दादा, आंबे संपायची सोय नाहीये त्यात. प्रोजेक्टमधे विचारली नव्हती. चारेक दिवस लागतील.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ता सगळा ऱ्हवांदे. मगाशी येय होता मां ता पाचशे दोन, ता परत लाव बघू.”