इंद्रायणी उजनीला जाऊन आली

गेल्या हिवाळ्यात आमची इंद्रायणी दोनदा उजनीला जाऊन आली. इंद्रायणी नदी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी पुढे उजनी धरणात जातं, ते शाळेतल्या भूगोलातलं. आमची इंद्रायणी म्हणजे तांदूळ. चार किलो. ती गाडीच्या डिकीतून गेली.

मला पत्ता लागला तो भोगीच्या दिवशी. रोजच्याला आमच्याकडे कोलम असतो, इंद्रायणी सणावाराला. बाजरीच्या भाकरी झाल्या, लेकुरवाळी भाजी झाली, आता खिचडी टाकावी म्हणून डब्यात हात घातला तर हाताला थेट तळ लागला.

"अरे, तांदूळ कुठाय?"

"बीन बॅगमध्ये," नवरा म्हणाला. जगातल्या सगळ्या घरांत तांदूळ तिथेच ठेवतात, अशा सुरात.

बीन बॅग म्हणजे ती बसायची गुबगुबीत नव्हे. ही उशीएवढी पिशवी. होडीच्या काठावर किंवा गाडीच्या खिडकीत ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची, म्हणजे फोटो हलत नाही. ती रिकामी विकतात, आत काय भरायचं ते आपलं आपण बघायचं. "थर्माकोलचे दाणे भरायचेस की!" "हलके पडतात." "मग वाळू?" "वाळू लेन्समध्ये जाते गं." थोडक्यात, चार किलो इंद्रायणीला पर्यायच नव्हता. खिचडी कोलमची झाली.

हे सगळं सुरू झालं २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं, नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला आणि बुलबुल ठिपक्याएवढा आला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे. याने कॅमेरा घेतला. मग कळलं की कॅमेऱ्याला लेन्स लागते. ती आणली, ती पुरेना. आता घरात १५० ते ६०० मिलिमीटरची एक तोफ आहे. वजन दोन किलोच्या आसपास. किंमत विचारली की नवरा खिडकीबाहेर बघून "हा शिंजीर का गं?" असं विचारतो.

माझ्या डोक्यातली थंडीची सहल म्हणजे उन्हं वर आल्यावर निघायचं, हुरडा खायचा, शाल पांघरून कुणाच्या तरी शेतात लोळायचं. प्रत्यक्षात पहाटे साडेतीनचा गजर. सकाळचा कोवळा उजेड तासभरच टिकतो म्हणे, आणि तो पुण्यापासून शंभर किलोमीटरवर, उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवणलाच पडतो.

निघताना कपड्यांवरून वाद. मी राणी रंगाचा नवा स्वेटर घातला होता. "पक्षी बुजतात," म्हणून तो उतरवला आणि शेणाच्या रंगाचं एक जाकीट माझ्या अंगावर चढलं. आणि आम्ही बघायला चाललो होतो कुणाला? गुलाबी पक्ष्यांना!

हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस. रस्ता सरळ आहे, पण डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. धुक्यात पुढे एकही लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर पहाटे पाचला लावलेलं लग्नातलं गाणं. ते गाणं ऐकू आलं की ब्रेक मारायचा, एवढीच सुरक्षा.

कुंभारगावच्या काठावर होडी तयार होती. नवरा, तोफ आणि इंद्रायणी पुढच्या टोकाला बसले. मी शेजारी टेकणार तोच होडीवाला म्हणाला, "ताई, तुमी मागं बसा. होडी फुडं कलतीया."

माझ्या वजनाचा असा थेट उपयोग आजवर कुणी केला नव्हता. मी मागे जाऊन बसले. होडी सरळ झाली.

तासभर फिरलो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, औषधालाही नाही. शेवटी मीच विचारलं. होडीवाला म्हणाला, "न्हाई आलं अजून. पानी लय हाय. पानी उतरलं, चिखल उघडा पडला, की मग येत्यात." खरंच आहे ते. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातो. खोल पाण्यात तो करणार काय? हे नवऱ्याला माहीत होतं. उजनी किती भरलंय हेही रोज पेपरात येत होतं. पण त्याला धीर नव्हता.

उजनीची टक्केवारी हा एक स्वतंत्र विनोद आहे. पावसाळ्यात धरण शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि उन्हाळ्यात शून्याच्या खाली, उणे पन्नासपर्यंत. ११७ टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ६३हून अधिक टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळचं पाणी, त्यामुळे शून्य टक्के झाल्यावरही निम्मं धरण भरलेलंच असतं. आमच्या घरातल्या फोटोग्राफीच्या बजेटचा हिशोब याच पद्धतीने चालतो.

रोहित नव्हते, पण चक्रवाकांची एक जोडी होती. संस्कृत कवींच्या मते ही जोडी दिवसभर एकत्र असते आणि रात्री ताटातूट होऊन दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते. आमचं उलटं. रात्री एका घरात, आणि दिवसा होडीच्या दोन टोकांवरून हाका. त्याही कसल्या? "हलू नकोस!"

थंडीने बोटं आखडली होती म्हणून मी थर्मासमधला चहा ओतून होडीवाल्याच्या हातून पुढे पाठवला. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि त्याच क्षणी मागच्या बाजूने पट्टकादंबांचा थवा उठला. हिमालय ओलांडून आलेले पक्षी ते. नवऱ्याच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याचा पट्टा, चष्म्यावर चहाची वाफ, कानटोपी डोळ्यांवर. "धर, धर!" म्हणत त्याने कप न बघताच मागे दिला. होडीवाला वल्ह्यावर, मी दहा फूट लांब. कप कुणीच धरला नाही. फोटो एकोणीस आले. सगळे पाठमोरे.

त्या दिवशी खरं काही पदरात पडलं असेल तर ती चिलापी. होडीवाल्याच्या घरी तव्यावरून थेट ताटात, लसणाच्या तिखटात कुरकुरीत तळलेली, सोबत ज्वारीची भाकरी. ही चिलापी मूळची परदेशी आणि धरणातल्या देशी माशांच्या मुळावर आलेली आहे, असं नवरा सांगत होता. मी देशी माशांच्या बाजूने आणखी दोन तुकडे घेतले.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. भोगीनंतर "नवा तांदूळ आणतो" म्हणालेल्या माणसाने तो आणला नव्हताच, तेव्हा इंद्रायणीही पुन्हा आली. यावेळी पाणी उतरलं होतं आणि चिखलाच्या पट्टीवर रोहित उभे होते. काठीसारखे पाय, प्रश्नचिन्हासारख्या माना. एकदम उडाले तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग असा उघडला की मी पण गप्प झाले. रोहिताचं पिल्लू करडं असतं. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्याला हा रंग चढतो. चोवीस वर्षं माझ्या हातचं खाऊन नवऱ्यात असा काही फरक पडलेला नाही.

"जरा तिथे उभी राहा ना," तो म्हणाला. दोन पहाटा वाया घालवल्यावर माझा फोटो! मी कानटोपी काढली, केस सारखे केले, हसले. क्लिक. त्याने स्क्रीन पाहिली. "हं, लाइट बरोबर आहे. हो बाजूला."

रात्री घरी आल्यावर तो लॅपटॉपपुढे बसला. अकराशे फोटो. "या सतरांतला शार्प कुठला?" सतराही फोटोंत तोच रोहित त्याच पायावर उभा. मी कुठलाही दाखवला तरी तो दुसराच ठेवतो, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, बीन बॅगची चेन उघडली, तांदूळ तीन पाण्यांतून काढला आणि कुकर लावला.

जेवताना तो तिसऱ्यांदा भात घेत म्हणाला, "मस्त मोकळा... नाही, मऊ झालाय आज. वास तर काय सुटलाय! इंद्रायणी आणलीस वाटतं?"

"आणली कुठे. तुझ्याबरोबरच आली भिगवणहून."

त्याचा घास हातात राहिला. थोडा वेळ तो ताटाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी जायचंय गं परत. तूरडाळ किती आहे घरात?"