बाहुली मरत नाही, म्हणून तर तिच्यावर शिकायचं

डॉक्टरांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: जुने डॉक्टर कॅज्युअल्टीत रात्री जागून तयार झाले, आताची पोरं प्लास्टिकच्या बाहुल्यांवर ट्रॉमा, म्हणजे गंभीर जखमींवरचे उपचार, शिकतात. बाहुलीला रक्त येत नाही, तिचे नातेवाईक ओरडत नाहीत, ती मरत नाही. कोट्यवधींची ही खेळणी बंद करा, पोरांना वॉर्डात उभं करा. मी इमर्जन्सी मेडिसिन शिकवते. हा मजकूर मला मनापासून खटकला.

रात्री जागून तयार झाले, हे खरंच. पण कोणाच्या अंगावर? इंटर्न असताना मी पहिली आयसीडी, म्हणजे छातीत साचलेली हवा-रक्त बाहेर काढणारी नळी, टाकली ती एका दुचाकीवाल्याच्या छातीत. सीनियर दुसऱ्या पेशंटपाशी अडकले होते. बरगडीच्या वरच्या कडेवरून आत शिरायचं, कारण खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते, हे मला तोंडपाठ होतं. हाताला मात्र ते ठाऊक नव्हतं. दोनदा चुकले. तो वाचला, पण माझं शिकणं त्याने सोसलं, आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. आज माझे विद्यार्थी हीच चूक खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या बरगड्यांवर करतात, हवी तितक्यांदा. कोट्यवधींच्या आक्षेपाचं उत्तरही यातच आलं. इन्स्पेक्शनपुरती बाहेर काढून पुन्हा कुलपात ठेवलेली महागडी मॅनिकिन्स मीही पाहिली आहेत. तो पैसा वाया गेला, मान्य. आम्हाला मात्र बहुतेक वेळा एक ट्रॉली, तिच्यावर झोपलेला इंटर्न आणि रक्त म्हणून थोडा बीटाचा रस पुरतो.

वॉर्डात उभं राहिलं की सगळं दिसतं? चेहरा चिरडलाय, तोंडात रक्त, श्वासाची ट्यूब जात नाही, मग गळ्याला छेद देऊन वाट करायची. ही वेळ कित्येक डॉक्टरांवर आयुष्यात येत नाही. आली तर हातात मोजकी मिनिटं असतात. हा छेद शिकायला कोणत्या रात्रीची वाट बघायची?

१९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत नेब्रास्कामध्ये जेम्स स्टायनर या हाडांच्या डॉक्टरांचं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली. जखमी मुलांवर गावातल्या लहान रुग्णालयात झालेले उपचार पाहून ते हादरले. त्यातूनच १९७८ मध्ये एटीएलएसचा, म्हणजे गंभीर जखमींवरच्या सुरुवातीच्या उपचारांच्या प्रशिक्षणाचा, पहिला कोर्स उभा राहिला, क्वचितच मोठा अपघात पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरची गोष्ट याहून वेगळी नाही. या कोर्समुळे जखमींचे मृत्यू घटतात, असं चाचण्यांनी अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, हेही सांगायला हवं. पण सरावाने येणाऱ्या कौशल्याबद्दल पुरावा भक्कम आहे.

शिवाय ट्रॉमा एकट्याचा नसतो. मान न हलवता पेशंट कुशीवर वळवायचा तर डोक्याकडचा मोजणार आणि बाकीचे त्याच्या आकड्यावर वळवणार. 'कोणीतरी रक्त मागवा' असं हवेत ओरडलं की कोणीच मागवत नाही. 'सिस्टर, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड एक ग्रॅम', 'एक ग्रॅम दिलं, डॉक्टर' असं बोलण्याची सवय लावावी लागते. हे रक्तस्राव रोखणारं औषध दुखापतीनंतर तीन तासांच्या आत द्यायचं, उशिरा दिलं तर उलटू शकतं, हे क्रॅश-२ या मोठ्या अभ्यासाच्या २०११ मधल्या विश्लेषणाने दाखवलं. कॅज्युअल्टीत एक पेशंट गेला की पुढचा दारात असतो. कुठे चुकलं हे कोण बोलणार? आमच्याकडे सरावानंतर तेवढंच बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो, आणि तिथे इंटर्नही सीनियरची चूक सांगतो.

राहिले नातेवाईक. आमच्याकडे ते ओरडतात. वॉर्डातले एक मामा मृत मुलाचे वडील होतात, आणि विद्यार्थ्याने त्यांना सांगायचं असतं. बहुतेकजण 'आम्ही खूप प्रयत्न केले...' इथेच अडखळतात. मामा विचारतात, 'म्हणजे काय, डॉक्टर? कसा आहे तो?' मग पुन्हा पहिल्यापासून.